पुणे ते मंगळवार पेठ, थांबत थांबत

मंगळवार पेठ, कोल्हापूर
९ जून २०२४

आदर्श,

वर आशीर्वाद लिहायची रीत आहे, पण आज हात उठत नाही. खाली जागा उरली तर बघू.

फोन उचलत नाहीस म्हणून पत्र. मामा गेल्यापासून सहा महिन्यांत तू माझे दोन फोन घेतलेस, आणि दोन्ही वेळा "मीटिंगमध्ये आहे" म्हणालास. पाकीट फोडायला तरी मीटिंग आडवी येणार नाही अशी आशा.

परवा आपल्या चटणी कुटायच्या डंकावर एक पोरगा आला. उंच, निपाणीकडचा, बोलण्यात कानडी हेल. मी मिरचीची डेखं काढत बसले होते. म्हणतो, "आत्या, मी महांतेश. आदर्शच्या हापिसात हाय. तुमची चटणी म्हणजे विषय हार्ड! तीन वर्षं आमी सगळी तीच खातोय. यंदा डबा आला न्हाय म्हणून मीच आलो."

मी म्हटलं, "आमी म्हंजे? आन त्यो काय खातोय?"

"त्यो कुठली चटणी खातोय! डबा आला की थेट माझ्या टेबलावर. त्यो दहीभातवाला माणूस."

माझं सूप हातात तसंच राहिलं. दर उन्हाळ्यात पेठेतल्या शंभर घरांची चटणी कुटून झाली की शेवटचा घाणा तुझा असतो. लसूण मी स्वतः सोलते. आणि तू फोनवर म्हणायचास, "आत्या, संपली, अजून पाठव." इतकं सफाईदार खोटं बोलायला कुठं शिकलास? या घरात तर नाही शिकलास.

चटणीचं एक वेळ सोडते. मामांचं कसं सोडू? पाचवीला गडहिंग्लजहून आलास तेव्हापासून बारावीपर्यंत या घरात वाढलास. मला आणि मामांना मूल नाही, हे तुझ्यामुळे कधी जाणवलं नाही. मामा गेले तेव्हा सगळी भावकी म्हणत होती, गुंडू सख्खा पुतण्या आहे, अग्नी त्यानं द्यावा. मी सगळ्यांशी भांडले. म्हटलं, आदर्श येईपर्यंत हात लावायचा नाही. चार वाजेपर्यंत थांबवून ठेवलं. आणि तुला ऑडिट लागलं. शेवटी गुंडूच उभा राहिला, शिरोलीतल्या फाउंड्रीची रात्रपाळी करून आलेला, डोळे लाल. मी कुणाकडे बघायचं ते मला कळेना.

तिथीनं ९ डिसेंबरला वर्षश्राद्ध येतंय, सोमवारी. यायचं नसेल तर आत्ताच कळव. पुन्हा मला चारचौघांत तोंडावर पाडू नकोस.

तानाबाई

(जागा उरली आहे. आशीर्वाद.)


पुणे
२३ जून २०२४

ती. आत्यास आदर्शचा नमस्कार.

उरलेल्या जागेतला आशीर्वाद मिळाला. तो मिळेल असं वाटलं नव्हतं.

महांतेश दोन किलो चटणी घेऊन आला, वर तू त्याला पिठलं-भाकरी खायला घातलीस असंही सांगत होता. म्हणजे राग माझ्यावर आणि जेवण त्याला. बरोबरच आहे.

फोन का उचलत नाही ते सांगतो. आपल्याकडचा फोन "हॅलो"नं सुरू होत नाही, "जेवलास काय?"नं सुरू होतो. मग काय जेवलास, किती भाकरी खाल्ल्यास, आवाज असा का येतोय. मला त्या पहिल्याच प्रश्नाला खोटं बोलावं लागतं, आणि एकदा सुरुवात खोटी झाली की पुढचं सगळं तसंच होत जातं. पत्रात निदान तू तो प्रश्न विचारलास तर शेवटी विचारशील.

माझ्या पोटाला जरा त्रास आहे. अ‍ॅसिडिटी म्हण. डॉक्टरांनी तिखट बंद केलंय. चटणी नको असं तुला सांगायची हिंमत झाली नाही, एवढंच. तू ती कशी करतेस ते मी बघितलंय, आत्या. डबा उघडला की त्या वासानं मला आपली सोप्यातली दुपार आठवायची. मग झाकण लावून तो महांतेशला द्यायचो.

ऑडिट खरंच होतं. माफ कर.

डिसेंबरचं बघतो.

तुझा
आदर्श


मंगळवार पेठ
७ जुलै २०२४

चि. आदर्शास,

तुझं पत्र वाचून मी दोन दिवस डंक बंद ठेवला. शेजारची बायडाबाई विचारत होती, "काय गं, मशीन बिघडली?" मी म्हटलं, मशीन नव्हं, मीच बिघडलेय.

तू आमच्याकडे आलास तेव्हा दहा वर्षांचा होतास. तिखट लागलं की डोळ्यांतून पाणी यायचं आणि तू ताट सरकवायचास. मी काय म्हणायचे आठवतंय? "कोल्हापुरात ऱ्हायचंय न्हवं? मग खा की मर्दासारखं." दूध हवं म्हणालास तर आधी रस्सा संपव म्हणायचे. सगळ्या आळीत मिरवायचे, आमचं पोरगं आता मोठ्या माणसाच्या बरोबरीनं खातंय म्हणून. तेच पोट आता जळतंय. हे माझं पाप आहे. कुणाला सांगू? देवापुढं हात जोडले तरी हाताला मिरचीचा वास येतो.

गुंडूबरोबर घरचं तूप, ज्वारीच्या लाह्या आणि सब्जा पाठवते आहे. तू दुधातून घे. चटणीचा धंदा मी बंद करायचा विचार करते आहे. झाला एवढा पुरे.

पण एक विचारू? अ‍ॅसिडिटी झालेला माणूस मयताला येऊ शकत नाही का? माझा तुझ्या ऑडिटवर विश्वास नाही. मामांना राजारामपुरीतल्या दवाखान्यात ठेवलं होतं, ते दोन दिवस त्यांचे डोळे दारावर होते. कुणाच्या पायाचा आवाज आला की मान वळायची. शेवटपर्यंत दाराकडे बघत गेले. हे तुला कळलं पाहिजे म्हणून लिहिते.

जेवलास का?

आत्या


पुणे
२ सप्टेंबर २०२४

ती. आत्यास,

दोन महिने उत्तर दिलं नाही. त्यातले अठरा दिवस मी दवाखान्यात होतो. आता घरी आहे, बरा आहे, घाबरू नकोस. हे पत्र एकटी असताना वाच.

अ‍ॅसिडिटी नाही. माझ्या मोठ्या आतड्याला आतून जखमा होतात. अल्सरेटिव्ह कोलायटिस म्हणतात त्याला. तीन वर्षं झाली. मधे काही महिने बरं असतं, मग अचानक उचल खातं. तेव्हा दिवसातून बारा-पंधरा वेळा जावं लागतं, रक्त पडतं, आणि लागली की मिनिटभरही धीर धरवत नाही. हा पूर्ण बरा होणारा आजार नाही, आटोक्यात ठेवायचा आहे. आणि आधी हे वाच: मी डॉक्टरांना मुद्दाम विचारलं. तो लहानपणीच्या तिखटानं झालेला नाही. का होतो ते त्यांनाही नक्की सांगता येत नाही. तू डंक बंद करू नकोस. तूप आणि लाह्या छान होत्या, दूध मात्र मला सोसत नाही.

आजारापेक्षा त्याच्या भोवतीचं सांगायला जास्त अवघड आहे. तीन वर्षांत मी एक सिनेमा थेटरात बघितलेला नाही. कुणाच्या लग्नाला गेलो तर नवरा-नवरीच्या आधी संडास कुठे आहे ते बघतो. मित्रांना वाटतं मी शिष्ट झालो. बरं वाटत असतं तेव्हाही मी घरीच बसतो, कारण बरं वाटणं किती वेळ टिकेल याचा भरवसा नसतो. तीस वर्षांच्या माणसानं हे कुणाला सांगायचं?

एकाला सांगितलं होतं. म्हणजे, त्यांनीच ओळखलं. दोन वर्षांपूर्वी मामा फाउंड्रीच्या कामाला पुण्याला आले आणि माझ्याकडे राहिले. सकाळी चहा पिताना म्हणाले, "नऊ खेपा झाल्या तुझ्या. मी मोजल्यात. आता खरं सांग." मी सांगितलं आणि रडलो. आत्याला सांगू नका म्हटलं, ती स्वतःला दोष देईल, डंक बंद करील. त्यांनी माझ्या हातावर हात ठेवून कबूल केलं. बघ, तू जुलैत अगदी तेच केलंस.

आता गेल्या वर्षीचा २० डिसेंबर. मामांना दवाखान्यात ठेवल्याचं कळलं तेव्हा माझा त्रास जोरात होता. दोन दिवस मी "उद्या निघतो" म्हणत राहिलो. त्या दिवशी सकाळी गुंडूचा फोन आला, मामा गेले. मी काही न खाता-पिता नऊची गाडी धरली. सातारा गेल्यावर कळ आली. कंडक्टरला म्हटलं. त्यानं ड्रायव्हरला सांगितलं, ड्रायव्हरनं गाडी बाजूला घ्यायला सुरुवातही केली. त्यांचा काही दोष नाही. माझ्याच अंगात तेवढा दम नव्हता. भरलेल्या गाडीत, बसल्या जागी झालं. शेजारी एक वयस्कर बाई होत्या. त्यांनी पिशवीतलं एक जुनं पातळ काढून माझ्या हातात दिलं आणि तोंड खिडकीकडे वळवलं. ते पातळ धुऊन, घडी घालून मी अजून ठेवलंय.

कराडला उतरलो. एका लॉजवर अंघोळ केली, कपडे बदलले, स्टँडवर येऊन बाकावर बसलो. तेव्हा गुंडूचा दुसरा फोन आला. "निघालाईस न्हवं? काकी कुणाला हात लावू दीना. चारपातूर थांबतोय बघ." दुपारचा एक वाजला होता. आत्या, कराडहून कोल्हापूर दीड तासावर आहे. मी पोचलो असतो. आजारानं मला कराडपर्यंत अडवलं, पुढं मी माझ्या भीतीनं अडलो. डोळ्यांपुढं आलं ते आपलं अंगण. दारात सगळी भावकी, टोकाला चार बिऱ्हाडांचा एक संडास, आणि प्रेत धरून उभा असताना मला पुन्हा लागली तर? मी म्हटलं, "ऑडिट लागलंय." गुंडूनं फोन ठेवला. मी पुण्याची गाडी पकडली.

हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. दवाखान्यात एक समुपदेशक बाई येतात. त्यांनी विचारलं, "घरी कुणाला माहीत आहे?" मी म्हटलं, होतं एकाला, ते गेले. त्या म्हणाल्या, मग आता दुसऱ्या कुणाला तरी सांगा. म्हणून तुला.

मी मनाशी एक धरून होतो. मामांना माझं माहीत होतं, तेव्हा मी का आलो नाही ते त्यांनी ओळखलं असेल. पण तू लिहिलंस की ते शेवटपर्यंत दाराकडे बघत होते. तुझं पत्र आल्यापासून मला डोळे मिटले की तेच दिसतं. मी नसलेलं दार.

श्राद्धाला गुंडूच बसू दे. तोच योग्य आहे. मला दोन-दोन तास एका जागी बसवतही नाही.

आदर्श


पुणे
१४ ऑक्टोबर २०२४

ती. आत्यास,

माझं पत्र पोचलं का? पोचलं असेल आणि लिहावंसं वाटत नसेल, तर तसंच चार शब्दांत कळव. मी समजून घेईन. तुझा फोन येत नाही तर आता मीच फोनकडे बघत बसतो.

आदर्श


मंगळवार पेठ
१८ नोव्हेंबर २०२४

चि. आदर्शास आत्याचे पोटभर आशीर्वाद.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी वाचलं. मिरचीच्या खोलीत कडी लावून वाचलं, म्हणजे डोळ्यांत पाणी दिसलं तरी कुणी विचारायला नको. उत्तराला अडीच महिने लागले. त्याची दोन कारणं. एक, आधी कामं उरकायची होती. दुसरं शेवटी लिहिते, कारण ते लिहायला मला अजून धीर होत नाही.

डंक चालू आहे. डॉक्टरांचं ऐकलं. तुझ्या वाटचा घाणा मात्र मी यंदा बिनतिखटाच्या मेतकुटाचा केला. डाळी मऊ दळल्यात. तुला चालतंय का ते डॉक्टरांना विचारून मगच खा, मी आता कशाचाही आग्रह करणार नाही.

ती मिरचीची खोली आता राहिली नाही. तिथं संडास बांधला. पोती माळ्यावर चढवली. बायडाबाई नाकाला पदर लावून म्हणाली, "अगं तानाक्का, चटणीच्या घरात संडास?" मी म्हटलं, "तुझ्या घरात हाय काय? मग गप." सोप्यातून सात पावलांवर आहे. मी चालून बघितलं, आत बसून कडीही लावून बघितली. ती नीट लागते आणि झटकन निघते.

मग रस्ता. गुंडूनं मित्राची गाडी आणली आणि आम्ही दोघं कात्रजपर्यंत जाऊन आलो. तुला न भेटताच वळलो, रागावू नकोस. पत्राचं उत्तर न देता कुठल्या तोंडानं भेटायचं? येताना कात्रजपासून प्रत्येक थांबा मी स्वतः उतरून बघितलाय. खेड शिवापूरला डाव्या हाताला चहावाल्याच्या मागं आहे, पाणी भरपूर. शिरवळला पंपावर आहे, तिथं किल्ली मागावी लागते, पण पोरगं चांगलं आहे, हाक मारताच पळत येतं. सुरूरला हॉटेलात आत जावं लागतं, चढायला चार पायऱ्या आहेत. साताऱ्याच्या अलीकडं एक आणि पलीकडं एक. उंब्रजच्या पंपावर मी आत शिरायला लागले तर पंपावरचा माणूस ओरडला, "मावशी, लेडीज तिकडं हाय!" मी म्हटलं, "मला जेन्सच बघायचाय." तो गुंडूच्या तोंडाकडं बघत राहिला. गुंडू लाजेनं गाडीच्या खाली जायचा बाकी होता. मग कासेगाव, पेठ नाका, किणी. दोन ठिकाणी जास्तीत जास्त पंचवीस मिनिटांचं अंतर. गुंडूनं सगळं कागदावर लिहून घेतलंय, तो कागद सोबत आहे. कराडला मी काही लिहिलेलं नाही. तिथं थांबायचं की नाही ते तू ठरव.

गुंडूला मी सगळं सांगितलं, त्याबद्दल माफ कर. त्याला सांगितल्याशिवाय गाडी कशी मिळणार? तो म्हणाला, "मी त्याला त्या दिवशी मनात लई शिव्या घातल्या, काकी." दुसऱ्या दिवशी गाडी घेऊन दारात हजर. भावकीत अजून कुणाला माहीत नाही. सांगायचं असेल तर तू सांगशील.

भटजींनाही बोलले. म्हटलं, पोरगं मधेच उठंल. कितीदा उठंल ते सांगता येत न्हाय. तुमी मंत्र थांबवायचा, त्यो हातपाय धुऊन आला की पुढं चालू. म्हणाले, "असं चालत नाही हो." म्हटलं, मग दुसरं भटजी बघू काय? लगेच चालतंय म्हणाले. उपास धरायचा नाही. तुझ्या वेळेला तुझं खाऊन बस. मामा त्यावर काही म्हणणार नाहीत.

आता ते दुसरं कारण.

मामा दाराकडे बघत नव्हते.

मी तुला खोटं लिहिलं. त्यांच्या खाटेजवळ खिडकी होती, समोर क्लासची पोरं सायकली, गाड्या लावायची, त्यांची भांडणं बघून ते हसत होते. दार त्यांच्या पाठीमागं होतं. जायच्या आदल्या दुपारी मी तुझ्या नावानं बोटं मोडत होते, दोन दिवस झाले तरी आला नाही म्हणून. तेव्हा ते म्हणाले, "ताना, पोरगं आलं न्हाय तर त्याला बोल लावू नको. त्येला यायचं असतंय. त्येचं अंग येऊ देत न्हाय." मी म्हटलं, म्हणजे काय? तर म्हणाले, "त्येलाच इचार. पर दमानं इचार." आणि परत खिडकीकडं वळले.

तुला दिलेला शब्द त्यांनी मोडला नाही. मला वाटलं, नेहमीसारखं तुला पाठीशी घालतायत. मी तुला विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी चार वाजता सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं आणि मग तर ते शब्द मी गिळूनच टाकले. ते शब्द खरे मानले असते तर मला कुणावर चिडता आलं नसतं, आणि चिडले नसते तर मामा गेल्याचं सगळं दुःख माझ्या एकटीच्या अंगावर आलं असतं. म्हणून वर्षभर तुझ्यावर चिडून राहिले. एवढ्यावर भागलं नाही म्हणून तुला टोचावं असं वाटलं आणि ते दार लिहिलं. आणि ते वाचल्यावर महिन्याभरात तू दवाखान्यात गेलास. त्या पत्रानं झालं की आजारानं, हे तुझ्या डॉक्टरांना विचारायची मला हिंमत नाही. तूही मला सांगू नकोस.

जे तुझं होतं ते मी अकरा महिने माझ्याकडं ठेवलं. आता दिलं. ते गेले तेव्हा तुझ्यावर रागावलेले नव्हते, बाळा. त्यांना सगळं माहीत होतं.

येऊ शकलास तर ये. येता आलं नाही तर ये म्हणणार नाही, आणि चारचौघांत मी सांगेन, त्याला यायचं होतं.

तुझी आत्या


पुणे
२५ नोव्हेंबर २०२४

ती. आत्यास,

पत्र वाचलं. पुन्हा वाचलं. मामांचं ते वाक्य मी एका कागदावर उतरवून खिशात ठेवलंय. तुझ्या जुलैच्या पत्राचं मी काय केलं ते विचारू नकोस. त्याबद्दल तुझ्यावर राग नाही. मीही तीन वर्षं तुझे डबे दुसऱ्याच्या टेबलावर ठेवत होतो.

शनिवारी, ७ तारखेला, गुंडूला सकाळी सातला पाठव. अजून पूर्ण बरा नाही, त्या दिवशी कसं असेल सांगता येत नाही. निघालो आणि शिरवळहून परतावं लागलं तर परतेन, पण ऑडिट म्हणणार नाही. कराडला थांबायचं आहे. त्या स्टँडवरच्या बाकावर पाच मिनिटं बसेन आणि मग पुढं येईन.

श्राद्धाला मी बसतो, पण शेजारी गुंडूही बसू दे. मी उठून गेलो की त्याचा हात तिथं असेल.

आणि आज संध्याकाळी फोन कर. पहिला प्रश्न तोच विचार. मऊ भात आणि तुझं मेतकूट, अर्धी वाटी, डॉक्टरांना विचारून. त्यातलं किती अंगी लागलं तेही सांगेन.

तुझा
आदर्श